तुम्ही विचारलंत म्हणून: विमान परत वर का नेलं नाही?

मी वैमानिक. एकदा धावपट्टीवर उतरल्यावर माझ्या विमानाचे ब्रेक लागलेच नाहीत. "ब्रेक लागत नाहीत हे कळल्यावर विमान परत वर का उचललं नाहीत?" हा प्रश्न मला नातेवाइकांनी विचारलाय, त्या दिवशी मागे बसलेल्या प्रवाशांनी विचारलाय, आणि ज्यांना उत्तर ठाऊक असायला हवं अशा तरुण वैमानिकांनीही विचारलाय. मी दरवेळी सांगतो, "रिव्हर्स, म्हणजे इंजिनाचा जोर उलटा वळवून वेग कमी करणारी यंत्रणा, लावल्यावर वर जाता येत नाही." समोरचा मान डोलावतो, पण त्याला पटलेलं नसतं. म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

विचारणाऱ्याचं काही चुकत नाही. उतरताना काही बिनसलं की गो-अराउंड, हे आमच्याकडून सुरुवातीपासून घोटून घेतलेलं असतं. वेग जास्त आहे, वारा फिरलाय, धावपट्टीवर कुणी आहे, तर पॉवर द्या, वर जा, पुन्हा या. सहवैमानिक होतो तेव्हा माझी या नियमावर श्रद्धाच होती. आजही आहे. चाकं टेकल्यानंतरसुद्धा ही मुभा क्षणभर शिल्लक असते. रिव्हर्सचे लिव्हर मागे ओढले की ती संपते, आणि मग विमान जमिनीवरच थांबवायचं असतं.

रिव्हर्समध्ये इंजिनातून मागे जाणारा झोत अडवून पुढे वळवला जातो. ती यंत्रणा बंद व्हायला वेळ लागतो, आणि ती पूर्ण बंद होईलच अशी हमी नसते. ११ फेब्रुवारी १९७८ ला कॅनडात क्रॅनब्रुक इथे एक बोइंग ७३७ उतरलं, रिव्हर्स लागले, आणि समोर बर्फ काढणारी गाडी दिसली. वैमानिकांनी विमान वर उचललं. गाडीला धक्काही लागला नाही. पण डाव्या इंजिनाचा रिव्हर्स पुरता मिटला नव्हता, तो हवेत उघडला आणि विमान कोसळलं. मंगळूरचा विमान अपघात तर आपल्या सगळ्यांच्या लक्षात आहे. २२ मे २०१०. सुमारे ८,००० फुटांच्या धावपट्टीवर विमान जवळपास ५,२०० फूट पुढे जाऊन टेकलं, रिव्हर्स लावले गेले, आणि मग पुन्हा उड्डाणाचा प्रयत्न झाला. १५८ माणसं गेली, आठ वाचली.

हे सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: मग रिव्हर्स लावण्याआधी ब्रेक का नाही तपासलेत? खरी अडचण इथेच आहे. ब्रेक लागताहेत की नाही, हे कळतं तेव्हा रिव्हर्स लागून गेलेला असतो.

त्या दिवशी पाऊस पडून गेला होता. धावपट्टी ओली, म्हणून ऑटोब्रेक, म्हणजे टेकल्यावर आपोआप लागणारा ब्रेक, मीडियमवर ठेवला होता. टेकताना वेग ताशी २५० किलोमीटरच्या आसपास होता, म्हणजे सेकंदाला जवळपास ७० मीटर. पंखांवरचे स्पॉयलर, म्हणजे हवा अडवणाऱ्या झडपा, उभे राहिले, मी रिव्हर्स ओढले. सहवैमानिकाने नेहमीच्या क्रमाने पुकारलं, "स्पॉयलर्स, रिव्हर्स ग्रीन." यानंतर "डिसेल" यायचं असतं, म्हणजे ऑटोब्रेक पकडतोय. आलं ते "नो डिसेल".

मी पेडल दाबली. ती नेहमीइतकीच खाली गेली, पायांना वेगळं काहीच लागलं नाही. फरक खांद्यांना कळला. ब्रेक धरले की अंग पुढे लोटलं जातं आणि खांद्यांवरचे पट्टे काचतात. इथे रिव्हर्सची थोडी ओढ होती, पण पट्टे सैलच होते.

"लॉस ऑफ ब्रेकिंग," मी म्हणालो, रिव्हर्स पूर्ण ओढला, आणि दोन्ही पाय ब्रेकवरून काढले.

हे वाक्य नीट वाचा, कारण ते ऐकताना लोक दचकतात. ब्रेक लागत नसताना मी ब्रेकवरून पाय काढले. मोटार चालवणाऱ्या कुणालाही हा वेडेपणा वाटेल. गाडीत आपण पेडलवर उभंच राहिलो असतो. पण आमच्या विमानात नेहमीचा ब्रेक गेला की अँटिस्किडचा, म्हणजे चाकं आवळून घसरू न देणाऱ्या यंत्रणेचा, स्विच बंद करून दुसऱ्या हायड्रॉलिक प्रणालीवर जावं लागतं. स्विच बंद होताना पेडल दाबलेली असली, तर सगळा दाब एकदम चाकांवर येतो, चाकं जागच्या जागी आवळली जातात आणि टायर फुटतात. म्हणून आधी पाय काढायचे, मग स्विच बंद करायचा, मग पुन्हा हलकेच दाबायचं, तेही दाबमापकावरचा काटा १,००० पीएसआयच्या वर जाऊ न देता. अँटिस्किड बंद असताना चाक कधी घसरतंय हे ओळखणारं दुसरं काही उरत नाही.

सहवैमानिकाने स्विच बंद केला. त्याबरोबर नाकाच्या चाकाचं स्टिअरिंगही गेलं, कारण दोन्हींचा स्विच एकच. माझ्या टाचा जमिनीवर, समोर ओली धावपट्टी, आणि आम्ही अजून खूप वेगात होतो. त्या क्षणी वर जावंसं वाटलं का, असं मला कुणी विचारत नाही. वाटलं होतं. उजवा हात रिव्हर्सच्या लिव्हरवर होता, आणि तो पुढे ढकलायची ओढ इतकी होती की मी मूठ आवळून धरली. क्रॅनब्रुक, मंगळूर यातलं काही तेव्हा आठवलं नाही. हात थांबला तो सिम्युलेटरमध्ये तेच तेच केल्यामुळे. मी थंड डोक्याने निर्णय घेतला असं लोकांना वाटतं; तसं नव्हतं.

मग पेडल हलकेच दाबली. काटा उठला. पट्टे काचले. शेपटीवरच्या रडरने आणि डावा-उजवा ब्रेक कमीजास्त करत विमान सरळ धरलं. वेग बराच उतरला तेव्हा उजवीकडचे दोन टायर फुटले. आम्ही थांबलो तेव्हा धावपट्टीच्या शेवटचे लाल दिवे एकेक वेगळे दिसत होते. पुढे दोष सापडला तो ब्रेक नियंत्रित करणाऱ्या संगणकात.

आता तुमचा युक्तिवाद मीच मांडतो, कारण तो मी स्वतःशी अनेकदा मांडलाय. रिव्हर्स दोन सेकंद उशिरा लावले असते, आधी ब्रेक पकडताहेत का ते पाहिलं असतं, तर वर जायची वाट उघडी राहिली असती. हवेत वेळ मिळाला असता, लांब धावपट्टी निवडता आली असती, अग्निशमन दल तयार ठेवता आलं असतं. हे सगळं खरं आहे. पण ते दोन सेकंद म्हणजे जवळपास १४० मीटर, आणि ते दर वेळी, ब्रेक उत्तम असतानाही, मोजावे लागतील. रिव्हर्सचा जोर जास्त वेगातच सर्वांत उपयोगी पडतो. एका दुर्मिळ बिघाडासाठी रोजचं उतरणं धोक्यात घालायचं नाही, असं मी म्हणतो. माझ्यातला सहवैमानिक म्हणतो, हा हिशेब थांबल्यावर केलेला आहे. त्याला मी गप्प करू शकलेलो नाही.

हल्ली मी सिम्युलेटरवर शिकवतो. हा बिघाड दिला की मी पडद्याकडे बघत नाही, समोरच्याच्या पायांकडे बघतो. "पेडल रिलीज" तोंडाने म्हणतात, आणि बूट पेडलवर घट्ट दाबलेले असतात. चांगले, हुशार वैमानिकसुद्धा. मी त्यांना रागावत नाही, पुन्हा करायला लावतो. परवा त्यातल्या एकीने विचारलं, "सर, धावपट्टी आणखी पाचशे मीटर आखूड असती तर?" मी तिला सांगितलं की तरी हेच केलं असतं: पाय काढले असते, स्विच बंद, पुन्हा ब्रेक, आणि तरी नाही लागले तर पार्किंग ब्रेक थोडा थोडा ओढून बघितला असता. "आणि विमान थांबलं असतं?" तिने विचारलं. त्यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतं, आणि तुमच्यासाठीही नाही.