खोक्यावर न छापलेला आकडा

'२३० अंशांपर्यंत तापतो!' हे कर्लरच्या खोक्यावर ठसठशीत छापलेलं असतं. कमीत कमी किती अंशांवर चालतो, हे मात्र छापायला जागा उरत नाही. वेव्ही केसांसाठी कर्लर घेताना माझं घोडं अडलं ते याच आकड्यावर, आणि त्याची चीड अजून गेलेली नाही.

बाकीचं पटापट ठरलं. केसांचं वळण घालवायचं नव्हतं, म्हणून स्ट्रेटनर बाद. धुतल्यावर केसांची मूळ लाट टिकवायला ड्रायरला डिफ्यूझर (हवा पसरवणारं जाळीदार तोंड) लावला की भागतं. पण अंबाड्यात दबलेल्या पुढच्या बटा सपाट होतात, त्यांच्यासाठी रॉड, म्हणजे कर्लरची तापणारी दांडी, लागतो. रॉडची जाडी घेर मोजून ठरवा. २५ मि.मी.च्या रॉडचा घेर साधारण ८ सें.मी., ३२ चा १० आणि ३८ चा १२. ३५ सें.मी.च्या बटेला २५ वर साडेचार वेढे बसतात आणि लग्नाच्या रिसेप्शनसारखे कर्ल पडतात. ३२ वर साडेतीन बसतात आणि सैल लाट येते. मी ३२ चा घेतला. केस खांद्यापर्यंतच असतील तर २५ चा बघा, ३२ वर जेमतेम दोन-अडीच वेढे होतात.

आता तो आकडा. केसाचा आकार धरून ठेवणारे हायड्रोजन बंध उष्णतेने सुटतात आणि केस थंड होताना नव्या आकारात पुन्हा जुळतात. वेव्ही केसाला मुळातच वळण असतं, त्याला फक्त वाट दाखवायची असते. बारीक केसांना १४०-१५० अंश पुरतात, मध्यम केसांना १६०-१७०, जाड आणि राठ केसांना १८०-१९०. रंगवलेले असतील तर त्याहून १० कमी. २०० च्या पुढे केसातलं केराटिन, म्हणजे केस ज्याचा बनतो ते प्रथिनच, बिघडायला लागतं, आणि ते कुठल्याही कंडिशनरने परत येत नाही. म्हणजे २३० चा मोठेपणा आपल्या काही कामाचा नाही. आपल्याला हवा १५०, आणि नेमका तोच कुणी सांगत नाही.

स्वस्तातल्या रॉडला नुसतं चालू-बंद बटण असतं. तो किती तापतो, ते रॉडलाच ठाऊक. त्याच्या वरच्या किमतीत 'लो-मीडियम-हाय' किंवा १ ते ५ ची चकती येते. आता तिसऱ्या नंबरवर किती अंश? दुकानदार म्हणतो, "मॅडम, जास्त गरम तेवढं चांगलं, पटकन होतं!" डिजिटल आकडे दिसले म्हणून हुरळून जाऊ नका, काही मॉडेलं १८० पासूनच सुरू होतात. आणखी एक खोड असते. प्रत्येक वेळी चालू केल्यावर काही रॉड मागचा आकडा विसरतात आणि थेट २०० वर जातात. सकाळच्या घाईत ते लक्षात येतं, तोवर पहिली बट भाजलेली असते.

यावर उपाय दोनच सापडले. पैसे देण्याआधी कंपनीच्या साइटवरचं माहितीपत्रक उघडून अंशांचा तक्ता शोधायचा. नाहीतर दुकानात डेमोचा पीस प्लगला लावायला सांगायचं, वजा बटण दाबत जायचं आणि आकडा कुठे थांबतो ते बघायचं. मग बंद करून पुन्हा चालू करायचं, म्हणजे विसरभोळा आहे का तेही कळतं. लाज वाटून घेऊ नका. सील फोडून वापरलेला कर्लर बरेच दुकानदार परत घेत नाहीत, ते बिल करण्याआधीच विचारा. मी घेतलेला १३० पासून दहा-दहाने चढतो. हा आकडा माहितीपत्रकात मुंगीएवढ्या अक्षरांत होता.

हो, एक राहिलंच. अमेरिकेहून कोणी कर्लर आणून देणार असेल तर हँडलवर '१००-२४० व्होल्ट' लिहिलंय का ते आधी बघायला सांगा. नुसतं १२० असेल तर नको म्हणा. आपल्या २३० व्होल्टवर साधी तापणारी तार साडेतीन पटींहून जास्त वीज ओढते आणि जळते. पिन बदलणारा अडॅप्टर व्होल्टेज कमी करत नाही.

वापरताना केस पूर्ण कोरडे हवेत. रॉड लावल्यावर चर्रर्र आवाज आला तर आत पाणी आहे. त्याची वाफ होऊन केसाच्या आतच बुडबुडे होतात आणि केस तिथून तुटतो. तेल लावलेल्या केसांवर तर रॉड अजिबात नको, चंपीनंतर आधी शांपू. हीट प्रोटेक्टंट (उष्णतेपासून केस जपणारा स्प्रे) मारला तर तोही वाळू द्या. बट दोन-अडीच सें.मी. रुंद घ्यायची, चेहऱ्यापासून लांब जाईल अशी गुंडाळायची, शेंड्याचे दोन सें.मी. बाहेर ठेवायचे आणि पाच-सहा सेकंदांत सोडायची. सोडल्यावर तळहातावर तशीच गुंडाळून निवू द्या, कारण आकार बसतो तो थंड होतानाच. गरम बटेत कंगवा घातला की सगळी मेहनत वाया. निवल्यावर बोटांनीच मोकळी करा.

पावसाळ्यात मुंबई-कोकणात तासाभरात लाट विस्कटते, कारण हवेतली वाफ तेच हायड्रोजन बंध पुन्हा सोडवते. तेव्हा आकडा वाढवायचा मोह होतो. मी १६० वरच राहते आणि वरून सिरमचे दोन थेंब लावते.