बारा वाजताचे कागद

लोकसभेच्या कामकाजातला मला सर्वांत आवडणारा भाग दुपारी बाराच्या सुमारास येतो आणि तो सहसा कोणी लक्ष देऊन पाहत नाही. अकराला सुरू झालेला प्रश्नोत्तराचा तास तेव्हा संपलेला असतो. यादीत २० तारांकित, म्हणजे तोंडी उत्तर मागणारे, प्रश्न असले, तरी त्यांवर विचारल्या जाणाऱ्या पूरक प्रश्नांमुळे त्यांतले मोजकेच तोंडी उत्तरापर्यंत पोहोचतात. बाकीच्यांची उत्तरे लेखी मिळतात. मग अध्यक्ष कागदपत्रे पटलावर, म्हणजे अधिकृतपणे सभागृहापुढे, ठेवण्यास सांगतात, आणि मंत्री एकामागून एक उठून, कुठल्याशा महामंडळाचा वार्षिक अहवाल, त्याचे लेखापरीक्षित हिशेब, एखादी अधिसूचना असे काहीबाही पटलावर ठेवत असल्याचे एका दमात सांगून खाली बसतात. जे मंत्री हजर नसतात, त्यांचे कागद संसदीय कामकाज राज्यमंत्री त्यांच्या वतीने ठेवतात. अध्यक्षांच्या आसनासमोरच्या मोकळ्या जागेत, म्हणजे हौदात, विरोधी सदस्य फलक घेऊन घोषणा देत असले, तरी हा क्रम सहसा मोडत नाही.

वरवर पाहता हा निव्वळ उपचार वाटतो, पण तसा तो नाही. संसदेने केलेल्या कायद्याखाली सरकार जे नियम बनवते, ते बहुतेक कायद्यांनुसार दोन्ही सभागृहांपुढे एकूण ३० दिवस ठेवावे लागतात, आणि त्या मुदतीत सभागृहांना ते बदलता येतात किंवा रद्दही करता येतात. तसे क्वचितच घडते, हे मान्य. तरीही आपल्या रोजच्या व्यवहाराला लागू होणारे कितीतरी नियम या कंटाळवाण्या मिनिटांतून गेलेले असतात.

माझा विशेष जीव मात्र एका वेगळ्याच कागदावर आहे. सरकारी संस्थांचे अहवाल आर्थिक वर्ष संपल्यापासून नऊ महिन्यांत पटलावर यावेत, अशी अपेक्षा असते. ते लांबले, तर उशिराची कारणे सांगणारे निवेदनही अहवालासोबत ठेवावे लागते. सरकारने स्वतःच्या दिरंगाईचा खुलासा लिहून द्यायचा आणि तोही भर सभागृहात, ही कल्पना ज्याला सुचली त्याला सरकारी कार्यालयांची नस चांगलीच ठाऊक असावी. हे सारे वेळेवर होते की नाही, हे पाहण्यासाठी लोकसभेची एक स्वतंत्र समितीच आहे. ती तपासणी करते, कानउघाडणी करते, अहवाल लिहिते. आणि तो अहवालही कागदपत्रांच्या याच गर्दीत सभागृहात येतो.