पार्किंगमधलं राज्य

मंगळवार, रात्र

खडकवासल्यातून पाणी सोडलंय, भिडे पूल बंद. पेठांतून येणारे सगळे पालक म्हात्रे पुलाच्या गर्दीत अडकले आणि माझ्या संस्कारवर्गाची मुलं माझ्याकडे आठपर्यंत राहिली. एरवी पाढे आणि श्लोक झाले की सातला घर रिकामं होतं. आज जास्तीचा वेळ पार्किंगमध्ये गेला ते बरंच झालं. काही दिवस नुसतं खटकत होतं, ते आज नीट बघायला मिळालं.

लपाछपी चालू होती. राज्य दुसरीतल्या धाकट्यावर. कालही त्याच्यावरच होतं. तो बोलताना अडखळतो, 'प'वर जास्त. आणि राज्य घेणाऱ्यानं खांबाकडे तोंड करून पन्नासपर्यंत मोठ्यानं मोजायचं असतं. पाच, पंधरा, पंचवीस, पस्तीस, पंचेचाळीस, पन्नास. दर थोड्या वेळानं 'प' आहेच. बाकीची पोरं लपायला पळण्याऐवजी गाड्यांच्या आड दबा धरून ऐकत होती. पंचवीसला तो अडकला, डाव्या मुठीनं मांडीवर हलकेच ठोकत राहिला, आणि स्कूटरमागून खसखस पिकली. मग तोही हसला. वरच्या बाल्कनीतून बघणाऱ्याला वाटावं, काय मजा चाललीय! मी जवळ होते, मला त्याचे लाल झालेले कान दिसत होते.

राज्य त्याच्यावरच कसं येतं, तो प्रकार तर बघण्यासारखा. सुटताना तिघांनी हात टाकायचे, उताणा किंवा उपडा. ज्याचा हात वेगळा, तो सुटला. शेवटी दोघं उरले की आधी सुटलेल्यांतला एक जण तिसरा हात द्यायला येतो. चौथीतला म्होरक्या आणि त्याचा दोस्त आधीच ठरवून एक उताणा, एक उपडा टाकत होते. आता धाकट्यानं काहीही टाकलं तरी त्याचा हात दोघांपैकी एकाशी जुळणारच, म्हणजे तो सुटूच शकत नाही. म्होरक्या सुटेपर्यंत पुन्हा पुन्हा हात टाकत राहायचं, बस्स. एवढं डोकं तेराच्या पाढ्याला लावलं असतं तर... असो.

आणि ही काही वाया गेलेली पोरं नव्हेत. 'वदनी कवळ' खड्या आवाजात म्हणतात, चपला ओळीत लावतात, लाडू हातावर ठेवला की 'थँक्यू काकू' ठरलेलं. शिकवलेलं सगळं येतं त्यांना. पण ते सगळं मोठ्यांसाठी. आपल्यापेक्षा लहान, आपल्यापेक्षा अडलेल्या पोराशी कसं वागायचं, याचा तास कुठल्याच संस्कारवर्गात नसतो.

तळमजल्यावरचे आजोबा खुर्चीतून ओरडले, "अरे, ठेवून दे ना एक त्याच्या कानाखाली!" सात वर्षांच्या काडीपैलवानानं कोणाच्या कानाखाली काय ठेवायचं? आई घ्यायला आली, तिला थोडं कळलं, तर ती म्हणाली, "तू लक्षच देऊ नकोस रे." दोन सल्ले, दोन टोकांचे, पण निस्तरायचं काम दोन्हीत त्याच्याच गळ्यात. तिसरा आपला नेहमीचा उपाय, 'सॉरी म्हण त्याला'. तो 'सॉऽरी' कुठल्या सुरात येतो ते सगळ्यांना ठाऊक आहे.

डॅन ओल्वेयस नावाचे एक मानसशास्त्रज्ञ होते, मूळचे स्वीडनचे, काम सगळं नॉर्वेत. तिथे तीन मुलांनी आत्महत्या केल्या, शाळासोबत्यांचा छळ हे त्यामागचं कारण असावं असं दिसलं, आणि १९८३ मध्ये देशभर मोहीम सुरू झाली. तिच्याशी त्यांचं काम जोडलेलं आहे. चिडवाचिडवी आणि छळ यांत फरक कसा करायचा, तर ते तीन गोष्टी बघायला सांगत: मुद्दाम केलेलं आहे का, पुन्हा पुन्हा होतंय का, आणि दोघांच्या ताकदीत फरक आहे का. आमच्या पार्किंगमध्ये तिन्ही हजर. कॅनडात तर संशोधकांनी शाळेच्या मैदानावर कॅमेरे लावून मुलांचं वागणं टिपलं. २००१ साली ते प्रसिद्ध झालं. त्रास दिला जात असताना बहुतेक वेळा इतर मुलं आसपास असतात, मध्ये मात्र क्वचितच पडतात. पण पडली, तर निम्म्याहून जास्त वेळा दहा सेकंदांच्या आत प्रकार थांबतो. मोठ्यांची व्याख्यानं एवढ्या वेळात 'मुलांनो'च्या पुढेसुद्धा जात नाहीत.

म्हणून आज मी म्होरक्याच्या आधी चौथीतल्या एका मुलीला बाजूला घेतलं. ती कधी चिडवत नाही. पण हसणाऱ्यांत उभी असते. म्हटलं, भांडू नकोस, कुणाला ओरडू नकोस, फक्त म्हण, 'या वेळी राज्य मी घेते.'

"मग ते मला चिडवतील ना, काकू?"

"चिडवतील कदाचित."

तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं. "आम्ही दोघींनी मिळून म्हटलं तर?"

चालेल की! पळालीच मैत्रिणीला शोधायला. उद्या प्रत्यक्षात म्हणेल की नाही, देव जाणे.

धाकट्याला वाक्य पाठ करायला दिलं, 'मला हे आवडत नाही, मी चाललो.' 'प' नाही त्यात. ओरडायचं नाही, रडवेलं व्हायचं नाही, म्हणायचं आणि सरळ माझ्याकडे यायचं. "पण मग चुगली होईल," म्हणाला. चुगली कशी होईल? कुणाला मार मिळावा म्हणून थोडाच सांगतोयस? मग त्यानं विचारलं, "मी मनात मोजलं तर चालेल?" चालेल. पण मोठ्यानं मोजावंसं वाटलं तर मोठ्यानं मोज, कितीही वेळ लागू दे, लपणाऱ्यांचा फायदाच आहे. हे त्याला पटलं. यावर मात्र खरं हसला. त्याच्या आईलाही सांगायचंय, 'हळू बोल' म्हणू नको आणि त्याचा शब्द तू पुरा करू नको, नुसती थांब.

म्होरक्याला सगळ्यांदेखत काही बोलले नाही. मुलं गेल्यावर त्याला म्हटलं, ती हात टाकायची युक्ती मला करून दाखव. आपलेच दोन्ही हात टाकत फुशारून दाखवली. दाखवता दाखवता आवाज बारीक होत गेला, कारण मी टाकलेला हात एकदाही सुटेना. माफी त्यानं मागितली नाही, मीही मागायला लावली नाही. उद्यापासून सुटताना मी तिथे उभी असेन, एवढं सांगितलं.

रविवारी सकाळी चार-पाच घरच्या आईबाबांना बोलावलंय, पोहे करीन. आजोबांनाही बोलावणं आहे. पण म्होरक्याच्या बाबांना त्याआधी एकट्यानं गाठायला हवं. सगळ्यांसमोर कळलं तर घरी नेऊन बडवतील त्याला, आणि तो राग सोमवारी संध्याकाळी पार्किंगमध्येच निघेल.