मिरजेला नेलंय

आमच्या भागात 'मिरजेला नेलंय' एवढं म्हटलं की पुढं कुणी विचारायचं नाही. कुणाला, का, किती दिवस, सगळं त्यात आलं. रायबाग, कुडची, गोकाककडची माणसं तर आजार अंगावर काढून काढून शेवटी मिरजेची गाडी धरायची. माझे वडील रेल्वेत गार्ड. क्वार्टर स्टेशनाला लागून. त्यामुळं मिरजेला आणलेली माणसं मी लहानपणी दवाखान्यात पाहिली नाहीत, फलाटावर पाहिली. चादरीच्या झोळीत म्हातारा, मागं डोक्यावर गाठोडं घेतलेली सून, तिच्या हातात पितळी तांब्या.

तेव्हा मिरज जंक्शनात तीन रुंदीचे रूळ होते. पुणे-कोल्हापूरचा ब्रॉडगेज, लोंढ्याकडं जाणारा मीटरगेज आणि पंढरपूरकडची नॅरोगेज. छोट्या गाडीतून वारकरी उतरायचे, लोंढ्याच्या गाडीतून पेशंट. त्यातल्या बऱ्याच जणांना मराठी यायचं नाही. वडिलांना कानडी मोडकंतोडकं यायचं, पण 'दवाखानी एल्ली ऐतिरी?', म्हणजे दवाखाना कुठं आहे, या प्रश्नाचं उत्तर ते अस्खलित द्यायचे. ड्यूटी संपलेली असली तर 'बर्री', म्हणजे 'या', म्हणून फाटकापर्यंत स्वतः चालत जायचे. आई जेवायला थांबलेली असायची. तिनं त्यावरून कधी तक्रार केलेली मला आठवत नाही.

हे सगळं सुरू झालं मिशन दवाखान्यापासून. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली मिरजेत रुग्णालय उभं केलं, पुढं डॉक्टर घडवायची शाळाही काढली. सांगली रस्त्यावरच्या वानलेसवाडीला त्यांचंच नाव आहे. १९६२ मध्ये सरकारी मेडिकल कॉलेज आलं. आता तर गल्लोगल्ली पाट्या आहेत, आणि दवाखान्यांच्या आजूबाजूला लॉज, खानावळी, मेडिकलची दुकानं असं एक वेगळंच गाव वसलंय. त्याबद्दल मी फार लिहीत नाही. मला लिहायचंय ते यंदा मी स्वतः मिरजेला काय घेऊन गेले त्याबद्दल.

घर बदलताना माझी तंबोरी टेम्पोच्या फाळक्यावर आपटली. भोपळ्याला वीतभर चीर गेली. ही तंबोरी वडिलांनी प्रॉव्हिडंट फंडातून पैसे काढून सतारमेकर गल्लीतून घेतली होती, मी आठवीत असताना. पुण्यात राहून तीस वर्षं झाली, पण दुरुस्तीला ती दुसरीकडं द्यायचं माझ्या मनातही आलं नाही. गोधडीत गुंडाळली आणि कोयना एक्स्प्रेसनं निघाले. समोरच्या बाईंनी विचारलं, "कुठं नेताय?" मी म्हटलं, "मिरजेला." त्यांनी गोधडीकडं पाहिलं आणि सरकून जागा करून दिली.

सतारमेकर गल्लीतले कारागीर मूळचे शिकलगार, हत्यारांना धार लावणारे. लढाया संपल्या, तलवारींचं काम आटलं. मिरजेचे संस्थानिक पटवर्धन गाण्याचे शौकीन. बाहेरून येणाऱ्या गवयांची वाद्यं दुरुस्त करायला गावात कुणीतरी हवं होतं, आणि हे हात मोकळे होते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर फरीदसाहेबांनी या कामाला हात घातला, तो आजवर त्या घराण्यांतून सुटलेला नाही. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा मी वडिलांना बातमी दोनदा वाचून दाखवली.

तिथल्या कारागीर चाचांनी गोधडी सोडली, पण चिरेला हातही लावला नाही. आधी चारही तारा छेडल्या. डोळे मिटून ऐकत राहिले.

"ताई, चिरेचं काय न्हाई. ती बुजवतो मी. हिचा आवाज पडण्याच्या आधीच बसलाय. तारांनी घोडी खाल्लीय. किती वर्षं जवारी काढली न्हाई?"

मला नीट आठवेना, आणि त्याची लाज वाटली. घोडी म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती भोपळ्यावरची चपटी पट्टी. तार घोडीच्या टोकाला टेकून सरळ निघत नाही, घोडीच्या किंचित उतरत्या पाठीवरून ती घासत, थरथरत जाते. त्या घासण्यातून एका सुराच्या पोटातले बाकीचे सूर बाहेर येतात आणि तंबोरा बोलतो. वर्षानुवर्षं वाजून घोडीवर तारांच्या चऱ्या पडल्या की तार तिथंच अडकते आणि आवाज मुका होतो. मग कानशीनं ती पाठ पुन्हा घडवायची, आणि तारेखाली सुती दोरा सरकवत नेमकी जागा शोधायची. हेच जवारी काढणं. याला माप नाही. दोन हात घासायचे, तार चढवायची, ऐकायचं, उतरवायची, पुन्हा घासायचं. हात जास्त बसला तर घोडी गेली.

चिरेचं काम त्यांचा पुतण्या करत होता. आतून पट्टी, वरून भुसा आणि सरस. भोपळे येतात पंढरपूर-मंगळवेढ्याकडून, भीमेकाठच्या शेतांतून. खायचा नव्हे, कडू, जाड सालीचा. वाळलेला भोपळा भिजवतात, कापतात, आतून खरवडून साफ करतात. आता असा भोपळा पिकवणारे कमी झालेत, कारण ऊस जास्त पैसे देतो, असं पुतण्या म्हणाला. शेतकऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही, पण मला हे ऐकून काळजी वाटली.

सरस वाळेपर्यंत दर्ग्यात जाऊन बसले. ख्वाजा शमना मीरासाहेबांच्या उरुसात पहिल्या गलेफाचा, म्हणजे कबरीवर चढवायच्या चादरीचा, मान चर्मकार समाजाचा, ही आमच्या मिरजेची रीत. आवारातच किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आहे. आजारात त्यांना या दर्ग्यात गुण आला, म्हणून ते मिरजेचे झाले, असं गावात सांगतात. १९३७ साली दक्षिणेच्या प्रवासात अस्वस्थ वाटलं म्हणून ते मद्रासजवळच्या एका छोट्या स्टेशनावर उतरले आणि तिथंच गेले. त्यांना मिरजेला आणलं. वडील हे सांगताना त्या स्टेशनाचं नाव आवर्जून घ्यायचे, सिंगापेरुमाल कोइल. उरुसात चिंचेच्या झाडाखाली रात्रभर गाणं चालतं. मी पहिलं मोठं गाणं तिथंच ऐकलं, वडिलांच्या मांडीवर, त्यांच्या कोटाला कोळशाचा वास येत असताना.

विष्णु दिगंबर पलुस्करांनाही मिरजेला असंच आणलं होतं. शेजारच्या कुरुंदवाडचा मुलगा, फटाक्यानं डोळे भाजलेला. दृष्टी पूर्ण सुधारली नाही. पण डॉ. भडभड्यांनी गाणं शिकायला सांगितलं, गवई बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर मिरजेतच होते, आणि त्या मुलानं पुढं १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. लहानपणी मला ही गोष्ट दुःखी वाटायची. आता तशी वाटत नाही.

एकदा तर मिरजेनं उलट गाडी पाठवली. एप्रिल २०१६, लातूरला प्यायला पाणी नव्हतं. कृष्णेचं पाणी स्टेशनात आणून दहा टँकर भरले, पाच लाख लिटर. ती पहिली गाडी सुटली तेव्हा वडिलांनी टीव्हीसमोर उभं राहून उजवा हात वर केला, हिरवा बावटा दाखवतात तसा. निवृत्त होऊन किती वर्षं झाली होती त्यांना.

तिसऱ्या दिवशी चाचांनी तंबोरी माझ्या मांडीवर दिली. पंचम छेडला, मग जोडाच्या तारा, मग खर्ज. खर्ज सुटला आणि गांधार ऐकू आला. कुठल्याच तारेत लावलेला नसलेला, तरी स्पष्ट. मी वडिलांना फोन लावून तो तुंब्याजवळ धरला. ते काही बोलले नाहीत, बऱ्याच वेळानं म्हणाले, "राहू दे अजून थोडा." चीर बुजलीय, पण तिची रेघ लाखेखालून दिसते. पॉलिश चढवून ती झाकून देऊ का, असं चाचांनी विचारलं होतं. मी नको म्हटलं.

परतीच्या गाडीला वेळ होता. फलाटावर एक कुटुंब उतरलं, मुलीच्या एका डोळ्यावर पट्टी, बापाच्या हातात रिपोर्टांची पिशवी. त्यानं इकडंतिकडं पाहिलं आणि माझ्याकडं आला.

"दवाखानी एल्ली ऐतिरी?"

तंबोरी खांद्याला लावली आणि म्हटलं, "बर्री."