कट्यार, नोंद चौथी: तिसरं रिव्हेट

मागच्या नोंदीत मी छातीठोकपणे लिहिलं होतं की माझ्याकडच्या या जुन्या कट्यारीचं पातं आणि मूठ एकाच कारागिराच्या हातची. ते मागे घेतो.

पावसामुळे बाल्कनीतलं काम बंद, म्हणून शनिवारी ओट्यावरच वर्तमानपत्र पसरून बसलो. (आईची अट: "झाल्यावर ओटा दोनदा पुसायचा.") दोन दिवस रॉकेल लावून ठेवल्यामुळे पन्हळींतला (पात्यावरच्या लांबट खाचांतला) गंज बांबूच्या काडीनेच सुटला. मग लक्षात आलं, पात्याच्या तिन्ही पन्हळी टोकाकडे विरतच नाहीत. मधली तर थेट टोकातून आरपार कापली गेलीय. कट्यारीसाठी घडवलेल्या पात्याचं टोक बहुधा जाड ठेवलेलं असतं, चिलखताच्या कड्या फोडायला. हे टोक पातळ, घासून काढलेलं. म्हणजे हा मोडक्या तलवारीचा तुकडा, आणि तीही फिरंगी.

यात लबाडी काही नाही. सतराव्या शतकात युरोपातली पाती इकडे भरपूर येत होती, आणि चांगलं पोलाद कोण फेकून देणार? दख्खनेत आणि तंजावरकडे असे तुकडे मुठीच्या पट्ट्यांत धरून रिव्हेट मारलेल्या कट्यारी पुष्कळ आहेत.

पन्हळीत दोन रोमन अक्षरंही निघाली, आर आणि ए. क्षणभर 'आंद्रेआ फेरारा'! पण त्या इटालियन कारागिराचं नाव जर्मनीत सोलिंगेनचे लोहारही सर्रास ठोकत, त्यामुळे त्यावरून गाव ठरवणं म्हणजे पाटीवरून मिसळीची चव ठरवणं. जौहर (पोलादातली लहरीदार नक्षी) बघायला फेरिक क्लोराइड लावायचा बेतही रद्द. फिरंगी पात्यात जौहर कुठला उमटायला, डाग तेवढा पडेल.

म्यानाबद्दल काय लिहू? मखमल नवी, पातं दोन बोटं बाहेर राहतं. दुसऱ्याच कुणाचं तरी आहे.

खरी मजा मुठीत. दहापट भिंगाखाली पट्टीवर कोफ्तगिरीच्या (सोन्याची तार ठोकून बसवायच्या नक्षीच्या) आडव्यातिडव्या बारीक रेघा दिसतात, मधूनमधून सोन्याची तार अडकलेली. या रेघा दोन लोखंडी रिव्हेटांच्या डोक्यांवरूनही गेल्यात. म्हणजे आधी पातं बसलं, मग नक्षी झाली. ती जोडणी जुनीच. तिसरं रिव्हेट पितळी, आणि त्याच्याभोवती रेघा मध्येच तुटतात.

ते हलत होतंच, हाताने निघालं. खालच्या मजल्यावरच्या काकांना दाखवलं. ते तीस वर्षं वागळे इस्टेटमध्ये फिटर होते. मला भोक दिसत होतं, त्यांना भोकाची कड दिसली. "अरे, गंजाचे खड्डे बघ. भोकाने अर्धे कापलेत. खड्डे आधीचे, भोक नंतरचं." व्हर्नियरने मोजलं: जुनी दोन भोकं वेडीवाकडी, एक ४.६ बाय ५.१ मिलिमीटर. हे मात्र कुठूनही मोजा, ५.०.

काका घरी जाऊन पाच मिलिमीटरचा ड्रिल बिट घेऊन आले. भोकात घातला. जरासुद्धा हलला नाही.