हिरवा क्रॉस लाल का व्हायचा: सामायिक एसव्हीजी कॅशचा उलगडा

सापडलं एकदाचं. तीन आठवडे ज्या लाल क्रॉसने पिच्छा पुरवला, त्याचं कारण अखेर हाती लागलं. मी शोधत होते तिथे ते नव्हतंच.

मागच्या नोंदी वाचलेल्यांना मांडणी आठवत असेल. माझ्या सी प्लस प्लस प्रोग्रॅममध्ये आठ थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं) नकाशाच्या टाइल्स, म्हणजे चौकोनी तुकडे, समांतर रंगवतात, बहुतेक चिन्हं एकाच एसव्हीजी शीटमध्ये (आकार मजकुरात लिहून ठेवणारी चित्रांची फाइल) आहेत, आणि ती शीट दर टाइलला नव्याने पार्स करण्याऐवजी, म्हणजे वाचून मेमरीत नोडचं झाड उभं करण्याऐवजी, मी कॅशमध्ये (तयार वस्तूंच्या साठ्यात) ठेवायला लागले. वेग इतका वाढला की त्या नोंदीत मी अगदी हुरळून लिहिलं होतं. दुसऱ्याच दिवशी पहिला लाल क्रॉस दिसला. औषधाच्या दुकानाचा क्रॉस हिरवा, रुग्णालयाचा लाल. आकार दोघांचा एकच: डेफ्समध्ये (पुन्हा वापरायच्या आकारांच्या विभागात) एकदाच काढलेला, यूज या आज्ञेने दोन्हीकडे उचललेला, रंग करंटकलर, म्हणजे वापरणाऱ्याकडून वारशाने येणारा. पाच-सहा हजार टाइल्समागे एखाद्या टाइलवर औषधाच्या दुकानाला रुग्णालयाचा रंग यायचा. तीच टाइल परत रंगवली की सगळं बरोबर.

पहिला संशय अर्थातच कॅशच्या मॅपवर (शीट शोधून देणाऱ्या यादीवर) गेला. तिथे म्युटेक्स (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणारं कुलूप) होता, तरी मी प्रत्येक ओळ तपासली. चूक एक मिळालीही. मॅप एलआरयू पद्धतीचा आहे, म्हणजे शेवटी वापरलेली शीट यादीत पुढे सरकते, आणि मी शोधताना शेअर्ड म्युटेक्सचं फक्त वाचनाचं, म्हणजे अनेकांना एकदम आत सोडणारं कुलूप लावत होते. पण यादीतली जागा बदलणं हे लिहिणं आहे! एलआरयूमध्ये नुसतं शोधलं तरी यादी बदलते. तिथे पूर्ण कुलूप लावलं. लाल क्रॉस तसाच.

इथे मी एका चुकीच्या समजुतीवर दोन आठवडे बसून राहिले, म्हणून ती सविस्तर लिहिते. कॅशमधून शीट बाहेर येते ती शेअर्ड पॉइंटरमधून, म्हणजे वस्तू किती जण वापरताहेत ते मोजणाऱ्या पत्त्यातून. त्याचा गणक अॅटॉमिक असतो (एका झटक्यात बदलतो, अर्धवट कुणाला दिसत नाही) हे बरोबर, त्यामुळे आठ थ्रेडनी प्रती घेतल्या आणि सोडल्या तरी दस्तऐवज, म्हणजे पार्स झालेली शीट, मध्येच मोकळा होत नाही. पण अॅटॉमिक आहे तो गणक. पॉइंटर ज्याकडे बोट दाखवतो त्या वस्तूला काहीच संरक्षण नाही. मॅपचा म्युटेक्ससुद्धा दारापुरताच. शीट हातात आली की कुलूप सुटतं, आणि पुढचं सगळं रंगकाम उघड्यावर चालतं. मला वाटत होतं की चालेना का, रंगवणं म्हणजे दस्तऐवज वाचणंच की. माझं रंगवण्याचं फंक्शन कॉन्स्ट (वस्तू बदलणार नाही अशी हमी देणारं) होतं, त्यामुळे तिथे पाहावं असंही कधी वाटलं नाही.

धागा मिळाला तो नकाशाच्या सूचीमुळे (चिन्हांचे अर्थ सांगणाऱ्या तक्त्यामुळे). सूचीत मी क्रॉस यूजशिवाय, आयडीवरून थेट काढते. वर रंग सांगणारं कुणी नसल्याने तो काळा दिसायला हवा. एके दिवशी तो लाल दिसला, आणि कितीही वेळा रंगवला तरी लालच. प्रोग्रॅम बंद करून सुरू केला की काळा. टाइलवरची चूक क्षणिक होती, ही मात्र टिकून होती. म्हणजे कुणीतरी दस्तऐवजात काहीतरी लिहून ठेवत होतं.

ते लिहिणारं फंक्शन माझंच, पहिल्या महिन्यात लिहिलेलं. एसव्हीजीचा नियम असा आहे की यूजने उचललेल्या आकाराला वारसा यूज जिथे आहे तिथून मिळतो, मूळ आकार डेफ्समध्ये जिथे लिहिलाय तिथून नाही. हे साधायला मी सोपी वाट काढली होती: रंगवण्यापूर्वी मूळ नोडचा पालक-पॉइंटर जपून ठेवायचा, त्या जागी यूजचा नोड लावायचा, रंगवायचं, मग जुना पालक परत लावायचा. एका थ्रेडमध्ये हे बिनचूक चालतं. दोन थ्रेड आले की बघा. पहिला थ्रेड मूळ पालक जपतो आणि लाल यूज लावतो. दुसरा त्याच क्षणी ‘जुना पालक’ म्हणून लाल यूज जपतो आणि हिरवा लावतो. पहिला काम संपवून मूळ पालक परत लावतो. दुसरा शेवटी त्याने जपलेला, म्हणजे लाल यूज परत लावून जातो. आता क्रॉस कायमचा लाल यूजचा वारस. टाइल्समध्ये हे झाकलं जायचं, कारण तिथे दर वेळी नवा पालक लागतो. सूचीत कुणीच लावत नाही, म्हणून तिथे ते दिसलं. हे कागदावर थ्रेडच्या दोन रांगा आखून जुळवलं, तेव्हा झालेला आनंद शब्दांत सांगता येत नाही.

पण एवढ्याने भागलं नाही. एआरएम प्रोसेसरच्या माझ्या बोर्डावर दुसरीच तक्रार होती: चिन्ह कधी कधी गायब व्हायचं. एक्स८६ प्रोसेसरच्या मशीनवर ते एकदाही झालं नाही, म्हणून मी दोन्ही गोष्टी एकच बग समजून चालले होते आणि कुठलंच स्पष्टीकरण दोघींना लागू पडत नव्हतं. अखेर थ्रेड सॅनिटायझर (थ्रेडच्या टकरी पकडणारं साधन) लावून बिल्ड केलं. फॉन्टची लायब्ररीही त्याच पर्यायासह पुन्हा कंपाइल केली, कारण साधी कंपाइल केलेली लायब्ररी मध्ये आली की खोट्या सूचना येतात आणि खऱ्या सुटतात. हे साधन मी फार उशिरा उचललं. ते प्रोग्रॅम पाच ते पंधरा पटीने मंद करतं आणि मेमरीही कित्येक पट खातं, पण चित्र बिघडण्याची वाट पाहत नाही. दोन थ्रेड एकाच जागी समन्वयाशिवाय पोचले आणि त्यातला एक लिहीत असला, की लगेच दोघांचेही स्टॅक, म्हणजे कोणत्या फंक्शनमधून तिथे पोचले ती साखळी, दाखवतं. समांतर कोड लिहिणाऱ्याने ते पहिल्या दिवसापासून लावावं असं माझं ठाम मत झालंय.

त्याने दाखवलेली पहिलीच जागा: आकाराची चौकट काढणारं कॉन्स्ट फंक्शन. आत म्युटेबल (कॉन्स्टमध्येही बदलता येणारं) ऑप्शनल (भरलेली किंवा रिकामी असू शकणारी जागा). चौकट अजून काढलेली नसेल तर काढा आणि ठेवून द्या. इथे दोन्ही थ्रेड तेच उत्तर लिहिणार, मग बिघडतं काय? ऑप्शनलमध्ये चार आकडे आणि ‘भरलेलं आहे’ असं सांगणारी खूण या वेगवेगळ्या जागा आहेत. एआरएमवर एका कोअरने केलेली लिखाणं दुसऱ्या कोअरला उलट्या क्रमाने दिसू शकतात. खूण आधी पोचते, आकडे नंतर. मधल्या क्षणी वाचणाऱ्याला शून्य रुंदीची चौकट मिळते आणि तो चिन्ह ‘टाइलबाहेर’ समजून सोडून देतो. एक्स८६ लिखाणांचा क्रम पाळतं, म्हणून तिथे वाचले. कंपायलरने क्रम बदलला असता तर तिथेही नसते वाचले. सी प्लस प्लस ११ पासून डेटा रेस (अशी समन्वयाशिवायची टक्कर) म्हणजे सरळ अपरिभाषित वर्तन, काहीही होऊ शकतं, त्यामुळे ‘दोघं तेच लिहितात’ हा बचाव चालत नाही. स्टँडर्ड लायब्ररी कॉन्स्टचा अर्थ ‘एकाच वेळी अनेकांनी वापरलं तरी सुरक्षित’ असा धरते. मी म्युटेबल लिहून तो शब्द मोडला होता.

दुरुस्तीचे दोन प्रयत्न फसले. दर दस्तऐवजाला एक म्युटेक्स लावला तर चित्रं अचूक आली, पण बहुतेक चिन्हं एकाच शीटमधली असल्याने आठही थ्रेड एका रांगेत उभे राहिले. त्यातच एका शीटमधलं चिन्ह दुसऱ्या शीटमधली चौकट उचलतं आणि दुसरीतलं पहिलीतला बाण. एका थ्रेडने पहिली धरून दुसरी मागितली, दुसऱ्याने उलट केलं, आणि दोघंही जागेवर थिजले. स्कोप्ड लॉक अनेक कुलपं एकदम सुरक्षितपणे घेतो हे खरं, पण त्यासाठी कोणती लागणार हे आधी माहीत हवं. मला ते रंगवता रंगवता कळतं.

मग प्रत्येक थ्रेडला दस्तऐवजाची स्वतःची प्रत दिली. मेमरी आठपट झाली, तेही एकवेळ सोसलं असतं. पण ग्रेडियंटचे (रंग हळूहळू बदलत नेणाऱ्या भरावाचे) दुवे मी पार्स करताना पॉइंटरमध्ये बदलून ठेवते, आणि प्रत काढताना ते पॉइंटर तसेच मूळ दस्तऐवजाकडे राहिले. आठ प्रती, ग्रेडियंट सामायिक! त्यात ऑब्जेक्ट बाउंडिंग बॉक्सचा ग्रेडियंट आकाराच्या चौकटीप्रमाणे ताणायचा असतो, आणि तो ताण सांगणारा मॅट्रिक्स (आकड्यांचा तक्ता) मी ग्रेडियंटच्या नोडमध्येच लिहीत होते. सॅनिटायझरने दहा मिनिटांत पकडलं.

आता जे उभं केलंय ते मनासारखं आहे. पार्स झालेला दस्तऐवज कॅशमध्ये जातच नाही. त्यातून एकदाच एक ‘चित्र’ तयार होतं: यूज उलगडलेले, दुवे सोडवलेले, चौकटी आणि ग्रेडियंटचे मॅट्रिक्स आधीच काढलेले, करंटकलरच्या जागी फक्त रिकामा खण. म्युटेबल हा शब्द त्या कोडमध्ये कुठेही नाही. रंग, ट्रान्सफॉर्म (जागा आणि आकारमान), क्लिप (कातरण्याची हद्द) ही बदलती माहिती रंगवणाऱ्या थ्रेडच्या स्टॅकवरच्या (त्याच्या खासगी मेमरीतल्या) संदर्भात असते आणि खाली खाली दिली जाते. वारसा वरून खाली हातात देत गेलं की नोडला पालक कोण हे विचारावंच लागत नाही. ही कल्पना मूळची माझी नाही. रस्ट या भाषेतली रेएसव्हीजी ही एसव्हीजी रंगवणारी लायब्ररी आधी यूएसव्हीजी या जोडलायब्ररीकडून असंच सोपं झाड बनवून घेते, आणि तिचा कोड वाचूनच माझं डोकं उघडलं. रस्टमध्ये रेफसेल (म्युटेबलसारखी आतून बदलता येणारी पेटी) सिंक, म्हणजे थ्रेडमध्ये वाटता येण्याजोगी, नसल्याने माझी ऑप्शनलची युक्ती थ्रेडमध्ये वाटायला कंपायलरनेच नकार दिला असता. तिथल्या लोकांचा त्याबद्दलचा अभिमान मला आता पुरता पटलाय.

कॅशमध्ये आता थेट चित्र न ठेवता शेअर्ड फ्यूचर (पुढे मिळणाऱ्या निकालाची सामायिक पावती) ठेवते. आठ थ्रेडना एकदम तीच शीट लागली तर पहिला पार्स करतो, बाकीचे थांबतात. पूर्वी आठही जण पार्स करायचे आणि सात निकाल वाया जायचे. पार्स फसलं तर तो अपवादही (चूक झाल्याचा निरोप) फ्यूचरमध्ये अडकून राहतो, म्हणून त्या वेळी नोंद मॅपमधून काढायला विसरू नका. आणखी एक छोटी कमाई: रंगवताना दर आकाराला शेअर्ड पॉइंटरची प्रत घ्यायचं बंद केलं. आठ कोअर एकाच गणकावर झटत होते. आता थ्रेड टाइलच्या सुरुवातीला एकच प्रत धरतो आणि आत साधा संदर्भ फिरवतो. प्रोफाइलरमध्ये सगळ्यात वर असलेली ती ओळ दिसेनाशी झाली.

पुढचा बेत प्रत्येक थ्रेडला फ्रीटाइप या फॉन्टच्या लायब्ररीची स्वतंत्र प्रत देण्याचा होता, कारण एक एफटी फेस (तिने उघडलेला एक फॉन्ट) एका वेळी एकाच थ्रेडने वापरायचा असतो आणि माझ्या रस्ताक्रमांकाच्या चिन्हांत मजकूर आहे. पण वरचा परिच्छेद लिहिताना लक्षात आलं की चित्र तयार करतानाच अक्षरांचे पाथ (रेषांचे आकार) करून टाकले तर रंगवणारे थ्रेड फॉन्टपर्यंत पोचणारच नाहीत. यूएसव्हीजीही मजकुराचे पाथच करते. क्रमांक बदलता असेल तिथे शून्य ते नऊ असे दहा पाथ तयार ठेवायचे. तो बेत रद्द, हाच करते.

चाचणी अशी: बॅरिअर (सगळे जमेपर्यंत थांबवणारा अडसर) वापरून आठही थ्रेड एकाच क्षणी सोडायचे, तीच शीट रंगवायची आणि प्रत्येकाचं चित्र एका थ्रेडने काढलेल्या चित्राशी पिक्सेल पिक्सेल ताडून बघायचं. काल रात्रभर चालवली. एकाही पिक्सेलचा फरक नाही, सूचीतला क्रॉस काळा, एआरएमवर एकही चिन्ह गायब नाही. सकाळी उठून आधी तो लॉग दोनदा वाचला.

सॅनिटायझर फक्त प्रत्यक्ष चाललेला कोड बघतो, म्हणून मग चाचणीच्या शीटमध्ये पॅटर्न, क्लिपपाथ आणि मास्क हे एसव्हीजीचे आणखी प्रकार घातले. पहिले दोन शांत. मास्कला लगेच सूचना आली: फंक्शनच्या आत एक स्टॅटिक (सगळ्या थ्रेडना मिळून एकच) बफर आहे, दर वेळी मेमरी मागायला नको म्हणून ठेवलेला. स्टॅटिकची पहिली उभारणी सी प्लस प्लस ११ पासून सुरक्षित आहे, नंतर त्यात लिहिलं जाणारं नाही. तो बफर आता रंगवण्याच्या संदर्भात हलवतेय, आणि त्यानंतर फिल्टर्सची पाळी.