पिशवी काढल्यानंतर

२७ मे

नवतपा लागला आहे. सकाळी दहानंतर गल्लीत चिटपाखरू दिसत नाही, कुलरमधले पाणी तासाभरात कोमट होते आणि माठालाही फडके दोनदोनदा भिजवून गुंडाळावे लागते. अशा दिवसांत ‘माझ्या अंगातून वाफा निघतात’ असे घरात सांगितले, तर ‘कोणाच्या निघत नाहीत?’ हेच उत्तर मिळणार, म्हणून मी सांगत नाही. मात्र बाहेरच्या उन्हाचा घाम आणि ही आतली आग यांतला फरक मला पुरता ठाऊक झाला आहे. उन्हाचा घाम हळूहळू, सगळ्या अंगाला येतो आणि सावलीत बसले की ओसरतो. ही आग छातीच्या मध्यावरून एकदम उठते, गळ्यावरून कानांच्या पाळ्यांपर्यंत चढते, काळीज धडधडू लागते, मान आणि कपाळ ओलेचिंब होते, आणि दोनचार मिनिटांत ती निघून गेली की पंचेचाळीस अंशांच्या दुपारी अंगावर शहारा येतो. गर्भाशय काढल्यानंतरच्या पहिल्या वर्षी तर हे भर हिवाळ्यातही होत असे. गव्हाला रात्रीचे पाणी देण्याच्या त्या दिवसांत घरचे सगळे गोधड्या गुरफटून झोपलेले असत आणि मी ओसरीच्या फरशीवर पालथी पडलेली असे.

मधली दोनेक वर्षे हा त्रास जवळजवळ थांबला होता. या आठवड्यात तो परत आला, त्याचे कारण साधे आहे. दंडाला लावायचे इस्ट्रोजेनचे, म्हणजे अंडाशयांत तयार होणाऱ्या हार्मोनचे, जेल संपले, कळंबला ते मिळत नाही आणि यवतमाळचा दुकानदार ‘नागपूरहून माल आला की फोन करतो’ म्हणून सांगतो आहे. शाळेला सुट्टी असल्यामुळे निदान वर्गात फळ्यासमोर उभे राहून घामाने भिजण्याची वेळ आली नाही, एवढेच बरे.

माझे वय आता ३८ आहे. गर्भाशय काढले तेव्हा ते ३३ होते. दोन मुले झाली होती, कुटुंबनियोजनाचे ऑपरेशनही झाले होते, आणि त्यानंतर पाळीत इतके अंगावरून जाऊ लागले की महिन्यातले आठदहा दिवस मी खुर्चीवरून उठताना आधी मागे वळून पाहत असे. सोनोग्राफीत लहानशी गाठ दिसली. तालुक्याबाहेरच्या एका खासगी दवाखान्यात डॉक्टरांनी अहवाल उजेडाकडे धरला आणि म्हटले, ‘मुले झालीच आहेत, उगाच ठेवून कॅन्सरची भीती कशाला?’ कॅन्सर हा शब्द उच्चारल्यावर आमच्या घरात पुढे चर्चा झालीच नाही. गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा तपासायला पाठवावा, रक्तस्राव कमी करणाऱ्या गोळ्या देऊन पाहाव्यात किंवा हार्मोनची तांबी बसवून पाहावी, असे काही मार्ग ऑपरेशनच्या अलीकडे असतात, हे मला नंतर कळले. तेव्हा ते कोणी सांगितले नाही आणि विचारायचे असते हेही आम्हाला माहीत नव्हते.

सुटी होताना जे कार्ड मिळाले, ते मी प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवून दिले. ‘सगळं साफ केलं आहे, आता काही काळजी नाही,’ असे नर्सने सांगितले होते. त्या ‘सगळं’मध्ये काय काय होते, ते वर्षभराने सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात कळले. तोपर्यंत झोप गेली होती, बोटांची पेरे सकाळी वळत नव्हती, वर्गातल्या मुलांची नावे जिभेवर येऊन अडत होती, आणि जवळपासच्या दवाखान्यांनी मला पित्ताच्या गोळ्या, कॅल्शियम आणि टॉनिक देऊन पाहिले होते. सेवाग्रामच्या डॉक्टर बाईंनी कार्ड मागितले, ‘टीएएच विथ बीएसओ’ या अक्षरांवर बोट ठेवले आणि विचारले, ‘तुमची दोन्ही अंडाशये काढली आहेत, हे तुम्हाला माहीत आहे ना?’ मी यजमानांकडे पाहिले. ते कार्डाकडे पाहत होते.

गर्भाशय गेले की पाळी जाते आणि मूल होत नाही. अंडाशये शाबूत असतील तर बाकीचा संसार बराच काळ चालू राहतो, फार तर ती काही वर्षे लवकर थकतात. दोन्ही अंडाशये काढली की मात्र इस्ट्रोजेन काही दिवसांत तळाला जाते. आपल्याकडे बायकांची पाळी सरासरी ४६–४७ व्या वर्षी जाते आणि त्याआधीची काही वर्षे शरीर हळूहळू त्या बदलाला सरावत असते. मला तो अवधी मिळाला नाही. डॉक्टर बाईंनी कागदाच्या मागच्या बाजूला रेघ काढून दाखवली होती: इतरांची रेघ उतारावरून खाली येते, माझी विहिरीत पडावी तशी सरळ खाली गेली होती. मेंदूतले तापमान सांभाळणारे केंद्र, हाडे, रक्तवाहिन्या, योनीची त्वचा, झोप या सगळ्यांना ते इस्ट्रोजेन लागत असते. म्हणून इतक्या लवकर अंडाशये गेलेल्या स्त्रीला, दुसरी काही अडचण नसेल तर, निदान पाळी जाण्याच्या नेहमीच्या वयापर्यंत ते बाहेरून द्यावे, असा वैद्यकशास्त्राचा सल्ला आहे.

गावाचा सल्ला वेगळा होता. ‘सुटली वं बाई तू,’ असे मला किती जणींनी म्हटले असेल! सासूबाईंना तर मनापासून आनंद झाला होता आणि त्यात कपट नव्हते. भाद्रपदात आमच्याकडे महालक्ष्म्या बसतात. आंबील, कढी, सोळा भाज्या, पुरणपोळ्या असा सगळा स्वयंपाक सोवळ्यात होतो, आणि घरातल्या कोणाची तरी पाळी नेमकी तेव्हाच येऊन दरवर्षी गोंधळ होत असे. आता घरात एक कायमची ‘चालणारी’ सून झाली. ‘देवाचं आता तुयाकडे,’ असे म्हणून त्यांनी देवघराची किल्ली माझ्याकडे दिली. त्या वर्षी चुलीसमोर पुरण वाटताना माझ्या अंगातून एकामागून एक वाफा उठत होत्या, आणि माझी जाऊ, जी चार दिवस बाजूला बसली होती, ती पंख्याखाली मटार सोलत होती. (मटार सोललेले चालतात; भाजीला हात लावलेला चालत नाही. हा नियम कोणी केला, ते मी अजून शोधते आहे.)

उपचार सुरू झाले ते गोळ्यांनी. गर्भाशय नसल्यामुळे मला नुसते इस्ट्रोजेन पुरते. ज्यांचे गर्भाशय जागेवर असते त्यांना अस्तराच्या रक्षणासाठी सोबत प्रोजेस्टेरॉन हे दुसरे हार्मोनही घ्यावे लागते. कळंबच्या औषधाच्या दुकानात मी चिठ्ठी दिली तेव्हा काउंटरवरच्या मुलाने आनंदाने विचारले, ‘मॅडम, नागपूरला टेस्ट ट्यूबचं चालू आहे का?’ त्याचेही चुकले नाही, कारण हीच गोळी वंध्यत्वाच्या उपचारात अस्तर वाढवण्यासाठी देतात आणि त्याच्याकडे ती नेणाऱ्या सगळ्या त्यासाठीच नेत असाव्यात. दुकानात आमच्याच गावचे दोघे उभे होते. आठवड्याच्या आत मला तिसरे मूल हवे असल्याची बातमी सासूबाईंपर्यंत आली, आणि ‘पिशवीशिवाय कसं वं?’ या त्यांच्या प्रश्नाने ती तिथेच संपली.

गोळ्यांनी मळमळ होई आणि डोके दुखे, म्हणून डॉक्टर बाईंनी जेल दिले. त्वचेतून जाणारे इस्ट्रोजेन आधी यकृतातून फिरत नाही, त्यामुळे रक्तात गुठळी होण्याचा धोका गोळीपेक्षा कमी असतो, असे त्यांनी सांगितले. रात्री आंघोळीनंतर पंप दाबून ते दंडाच्या बाहेरच्या बाजूला पसरवायचे, चोळत बसायचे नाही, वाळेपर्यंत बाही खाली घ्यायची नाही, हात साबणाने धुवायचे आणि तोवर मुलांना तिथे अंग लावू द्यायचे नाही. त्यात अल्कोहोल असल्यामुळे ओले असताना चुलीजवळ जायचे नाही. आमच्या घरात हे सगळे पाळायचे म्हणजे दार लावून पंधरा मिनिटे एकटीने बसणे आले. लग्नानंतर विनाकारण एकटीने बसण्याची सोय मला पहिल्यांदा त्या जेलने करून दिली.

‘पण याने कॅन्सर होतो म्हणतात,’ हे माझ्या भावाने मोबाइलवर वाचून सांगितले. तो जे वाचत होता त्याचे मूळ अमेरिकेतल्या २००२ सालच्या एका मोठ्या अभ्यासात आहे. त्यातल्या बायकांचे सरासरी वय ६३ होते, आणि स्तनाच्या कॅन्सरचे प्रमाण वाढलेले दिसले ते दोन्ही हार्मोन एकत्र घेणाऱ्यांत. गर्भाशय काढलेल्या आणि नुसते इस्ट्रोजेन घेणाऱ्यांचे निष्कर्ष २००४ मध्ये आले, त्यांत ती वाढ नव्हती. माझ्या वयाला तर हे असेही लागू होत नाही, कारण मी शरीरात जास्तीचे काही घालत नाही; जे असायला हवे होते त्याची भरपाई करते. स्तनाचा कॅन्सर झालेल्या, पायात गुठळी होऊन गेलेल्या किंवा यकृताचा आजार असलेल्या बाईने मात्र हे घेण्याआधी डॉक्टरांशी सगळे नीट बोललेच पाहिजे. सासूबाईंची हरकत निराळी आहे: ‘गोळीची सवय लागली का सुटत नाई.’ माझी नणंद दहा वर्षे रोज सकाळी थायरॉइडची गोळी घेते, तिला कोणी सवय म्हणत नाही. गळ्यातली ग्रंथी कमी पडली तर आजार आणि ओटीपोटातली काढली तर सुटका, हा हिशेब मला पटत नाही.

हाडांचा विषय मात्र सासूबाईंना पटला, कारण त्यांचे स्वतःचे मनगट न्हाणीत पडून मोडलेले आहे. नागपूरला डेक्सा नावाची तपासणी केली, त्यात मणक्याचा आकडा उणे १.९ आला. उणे अडीच किंवा त्याखाली गेला की हाडे ठिसूळ झाली असे धरतात, आणि उणे एक ते उणे अडीच ही अलीकडची पायरी. म्हातारपणाची पायरी मी पस्तिशीच्या आतच चढले होते. अंडाशये गेल्यावरच्या पहिल्या काही वर्षांत हाडांची झीज सर्वांत वेगाने होते, आणि माझे त्यातले पहिले वर्ष पित्ताच्या गोळ्यांत गेले होते. तेव्हापासून तीळ, दूध आणि नाचणी पानात ठरलेली आहेत, आणि वावरापर्यंत पायी जाणे मी सोडत नाही.

यजमानांविषयी थोडे लिहिले पाहिजे, कारण या भागाविषयी बायका एकमेकींशीही बोलत नाहीत. ऑपरेशननंतर जवळीक दुखरी झाली. ती का दुखते हे मलाच कळत नसल्यामुळे मी टाळू लागले, आणि त्यांनी काही न विचारता बाज अंगणात टाकली. उन्हाळा संपला तरी ती आत आली नाही. कोरडेपणा हा इस्ट्रोजेनच्या अभावाचा सरळ परिणाम आहे आणि त्यावर लावायचे वेगळे मलम मिळते, एवढे डॉक्टर बाईंनी दोघांना समोर बसवून सांगितले. परतीच्या गाडीत देवळी येईपर्यंत आम्ही दोघेही खिडकीबाहेर पाहत होतो. मग ते म्हणाले, ‘मले वाटलं, तुले मीच नको झालो.’ त्या वर्षी पऱ्हाटी बोंडअळीने गेली होती, तरी ते वर्ष मला चांगले आठवते.

हे सगळे आज लिहायला बसले ते जेल संपल्यामुळे नव्हे. आमच्या वावरात धसकटे वेचायला येणाऱ्या एकीने काल सांगितले की, ती मृगाच्या आधी पिशवी काढून घेणार आहे. वय २९. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ च्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या सुमारे तीन टक्के स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले होते. २०१९ मध्ये गर्भाशये काढलेल्या बीडच्या ऊसतोड बायकांची चर्चा राज्यभर झाली, केंद्राने २०२२ मध्ये अनावश्यक ऑपरेशने रोखण्यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आणि सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये राज्यांना त्या तीन महिन्यांत लागू करायला सांगितले. यातले काहीही तिच्यापर्यंत आलेले नाही. तिच्यापर्यंत आले आहे ते ‘कॅन्सर होईल’ आणि ‘पंधरा दिवसांत कामाला लागाल’.

मी बोलू लागले तशी ती म्हणाली, ‘बाई, दर महिन्याले आठ दिस वावरात उभं राहता येत नाई. वेचणी किलोवर हाय, बसलं का मजुरी बुडते. तुमाले पगारी सुट्टी भेटते.’ यावर माझ्याकडे उत्तर नव्हते, कारण ते खरे आहे. रक्तस्राव तिला सोसायचा आहे, मला नाही. काढूच नको, असे मी तिला सांगितले नाही. डॉक्टरांना तीन गोष्टी विचार, एवढेच म्हटले: तुकडा तपासला का, गोळ्या किंवा हार्मोनची तांबी देऊन पाहता येईल का, आणि काढायचेच ठरले तर दोन्ही अंडाशये ठेवणार ना. तिने ते वहीच्या पानावर लिहून मागितले, कारण डॉक्टरांसमोर तिला सुचत नाही. मी मोठ्या अक्षरांत लिहून दिले, आणि पंधरा दिवसांत नव्हे तर दीड महिना जड काही उचलायचे नसते, हेही खाली लिहिले. ते वाचून मात्र ती थबकली, कारण पेरणी आणि निंदण दोन्ही त्यातच येतात.

जूनच्या पहिल्या आठवड्यात माझी सेवाग्रामची तपासणी आहे. सोबत चल म्हटल्यावर ती यायला तयार आहे, आणि तिचा नवरा अजून काही बोललेला नाही.